ब्रिटनमध्ये रेल्वेने एका दिवसाची सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी मे महिना आला की ओळखीत कुणा ना कुणाचे आईबाबा भारतातून येतात. पहिल्या पंधरवड्यात टॉवर ब्रिज आणि बकिंगहॅम राजवाडा उरकतो. मग फोन येतो, "आता यांना कुठे न्यायचं? रेल्वेने काही होईल का?" मी काही वर्षं रेडिंगला काढली, आता लीड्सला असतो आणि शनिवार-रविवार रुळांवर घालवायची खोड आहे. तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली.

गाडी दारात असताना रेल्वे कशाला?

कारण गाडी चालवणाऱ्याची सहल होत नाही. त्याला दिसतो मोटरवे आणि पुढच्या ट्रकचं ढुंगण, आणि पोचल्यावर पार्किंगचं यंत्र. शिवाय इथले काही रेल्वेमार्ग असे आहेत की खिडकीतून दिसतं ते रस्त्यावरून दिसतच नाही. माझा साधा नियम: आधी मार्ग निवडा, गाव नंतर.

तिकीट इतकं महाग कसं? शेजारचा माणूस निम्म्या पैशांत कसा बसलाय?

तो कदाचित दोन महिने आधी जागा झाला असेल. ढोबळमानाने तिकिटं तीन प्रकारची. 'ॲडव्हान्स' म्हणजे ठरलेल्या तारखेच्या ठरलेल्या गाडीचंच तिकीट, बहुधा प्रवासाच्या बाराएक आठवडे आधी विक्रीला येतं आणि सगळ्यांत स्वस्त असतं. 'ऑफ-पीक' म्हणजे गर्दीच्या वेळा सोडून त्या दिवशीची कुठलीही गाडी. शनिवार-रविवारी हे दिवसभर चालतं, इतर दिवशी साधारण सकाळी साडेनवानंतर, पण मार्गागणिक वेळ बदलते, तेव्हा तिकीट काढताना अटी वाचाच. 'एनीटाइम' म्हणजे कधीही, कुठलीही गाडी, आणि किंमतही तशीच. ते ऑफिसच्या खर्चाने फिरणाऱ्यांसाठी.

लोक ॲडव्हान्सच्या मागे धावतात. लांबच्या प्रवासाला ठीक आहे, पण तासा-दीड तासाच्या सहलीला माझं मत ऑफ-पीक रिटर्नला. बऱ्याच मार्गांवर त्याच दिवशी परतायचं रिटर्न तिकीट एकेरीपेक्षा किंचितच महाग असतं. आणि आईबाबा बरोबर असताना ४ वाजून ७ मिनिटांचीच गाडी पकडायची सक्ती म्हणजे संग्रहालयातून त्यांना हात धरून ओढत बाहेर काढणं. ॲडव्हान्स तिकीट घेऊन दुसऱ्या गाडीत बसलात तर ते तिकीट नसल्यातच जमा, नवीन काढावं लागतं.

एकच तिकीट कुठल्याही संकेतस्थळावर घेतलं तरी मूळ दर सारखाच. फरक पडतो तो काही दुकानदार वरून लावतात त्या बुकिंग शुल्काचा. ज्या रेल्वे कंपनीच्या गाडीने जाणार तिच्याच संकेतस्थळावर घेतलं की तो वाचतो.

रेलकार्ड काढावं का? आईबाबांसाठी कोणतं?

काढावं. बहुतेक वर्षभराच्या कार्डांची किंमत ३५ पाउंड आहे आणि ती भाड्यात एक तृतीयांश सूट देतात. म्हणजे १०५ पाउंडांची तिकिटं काढलीत की कार्ड फिटलं. दोघा-तिघांनी एक लांबची सहल केली तरी काम झालं.

इथे एक चूक सगळे करतात. आईबाबा साठीच्या पुढचे, म्हणून दोघांना दोन सीनियर कार्डं घेतात. दोघं कायम बरोबरच फिरणार असतील तर 'टू टुगेदर' नावाचं एकच कार्ड दोघांच्या नावाने निघतं. किंमत एकाची, सूट दोघांना. अट इतकीच की दोघंही त्या प्रवासात हजर हवीत आणि कामाच्या दिवशी साडेनवाच्या आत चालत नाही. चाळीस वर्षांच्या संसारानंतर ही अट जाचक वाटू नये.

लहान मुलं असतील तर 'फॅमिली अँड फ्रेंड्स' बघा: मोठ्यांना एक तृतीयांश सूट, ५ ते १५ वयाच्या मुलांना ६० टक्के. पाच वर्षांखालचं मूल तसंही फुकट. आणि कार्ड कुणाकडेच नसेल, पण तीन ते नऊ मोठी माणसं एकत्र असाल, तर अनेक कंपन्या 'ग्रुपसेव्ह' नावाची सूट देतात. ती तिकीट काढतानाच मिळते.

भारतातून महिनाभरासाठीच आलेल्या आणि रोज भटकणाऱ्या पाहुण्यांसाठी 'ब्रिटरेल' पास असतो. इथे राहणाऱ्यांना तो मिळत नाही. आठवड्याला एखादीच सहल असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका, रेलकार्डच स्वस्त पडतं.

प्रवासाचे तुकडे करून तिकिटं काढणं कायदेशीर आहे का?

पूर्ण कायदेशीर. अ ते क असं एक तिकीट काढण्याऐवजी अ ते ब आणि ब ते क अशी दोन काढली की कधी कधी चांगले पैसे वाचतात. तुम्ही त्याच गाडीत, त्याच खुर्चीत बसून राहायचं. फक्त ती गाडी ब ला थांबणारी हवी. नुसती तिथून धडधडत पुढे जाणारी चालत नाही.

ऑयस्टर कार्डावर बाथला जाता येईल का?

नाही. ते लंडन आणि आसपासच्या प्रवासाचं कार्ड आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिजलाही नाही. लंडनमध्ये आत शिरताना फाटक उघडतं म्हणून लोक बेसावध राहतात. इंग्लंडमध्ये विनातिकीट दंड १०० पाउंड अधिक भाडं असा आहे, एकवीस दिवसांत भरला तर ५०.

लंडनहून पहिल्यांदाच जायचंय. तीन ठिकाणं सांगा.

बाथ. पॅडिंग्टनहून साधारण दीड तास. हा सगळा मार्ग इझंबार्ड ब्रुनेल या इंजिनिअरने आखला आणि १८४१ मध्ये पुरा झाला. बाथच्या अलीकडे गाडी जवळजवळ तीन किलोमीटरच्या बॉक्स बोगद्यात शिरते. रोमन स्नानगृहं स्टेशनवरून दहा मिनिटं चालत. परतताना घाई नसेल तर उलट्या दिशेने आणखी पाव तास पुढे ब्रिस्टलला जा. राजा राममोहन रॉय तिथे १८३३ मध्ये वारले, आर्नोस व्हेलच्या दफनभूमीत त्यांची छत्री असलेली समाधी आहे.

ब्रायटन. व्हिक्टोरियाहून तासाभरात समुद्र. बहुतेकजण किनाऱ्यावर चिप्स खाऊन परततात. तसं करू नका. तिथल्या रॉयल पॅव्हेलियनचे घुमट हिंदुस्थानी थाटाचे आहेत आणि पहिल्या महायुद्धात त्या राजवाड्यात जखमी भारतीय सैनिकांचं इस्पितळ होतं. जे हिंदू आणि शीख सैनिक तिथे दगावले त्यांचं दहन गावाबाहेरच्या टेकडीवर झालं, आणि त्या जागी १९२१ पासून संगमरवरी छत्री उभी आहे. तिचं नावच 'छत्री'. शेवटचा टप्पा चढणीचा आणि मोकळ्या कुरणातून आहे, बूट चांगले हवेत. माझ्या वडिलांनी तिथे चपला काढल्या होत्या, इंग्लंडच्या वाऱ्यात, गवतात. बाजूच्या मेंढ्याही जरा थबकल्या.

केंब्रिज. किंग्ज क्रॉसवरून थेट गाडी पन्नास मिनिटांच्या आत पोचवते. स्टेशन मात्र गावापासून दूर, वीस-पंचवीस मिनिटं चालायची तयारी ठेवा. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे इथल्या सेंट जॉन्स कॉलेजातून १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले आले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. 'रँग्लर' हा शब्द मराठीत घरोघर पोचला तो त्यांच्यामुळे. जयंत नारळीकरही केंब्रिजचेच. नदीतल्या होड्या बघून झाल्या की सेंट जॉन्सच्या दारात उभं राहून आईबाबांना ही गोष्ट सांगा, होडीपेक्षा जास्त चालते.

विंडसर यादीत का नाही म्हणाल, तर तेही छानच आहे. पण किल्ला मंगळवारी आणि बुधवारी बंद असतो आणि लोक नेमके त्याच दिवशी जातात.

गाडीत कुठल्या बाजूला बसावं?

हा खरा रसिकाचा प्रश्न, आणि विचारणारे फार थोडे.

एक्सेटरहून नैर्ऋत्येकडे न्यूटन ॲबटला जाताना डावी बाजू. आधी एक्स नदीचं मुख आणि मग डॉलिशला गाडी समुद्राच्या भिंतीवरूनच धावते. खवळलेल्या दिवशी लाटा डब्यावर आपटतात. फेब्रुवारी २०१४ च्या वादळात ही भिंत कोसळून रूळ हवेत लोंबकळत राहिले होते, दोन महिन्यांनी मार्ग पुन्हा सुरू झाला.

लंडनहून एडिंबराकडे जाताना उजवी बाजू. डरहमच्या उंच पुलावरून कॅथीड्रल दिसतं, जेमतेम मिनिटभर, तेव्हा मोबाईल आधीच हातात ठेवा. न्यूकॅसलच्या पुढे समुद्र त्याच बाजूला आणि बेरिकला २८ कमानींचा पूल, १८५० मध्ये व्हिक्टोरिया राणीने उघडलेला.

फोर्ट विल्यमहून मॅलेगला जाताना डावी. त्याबद्दल पुढे.

सेटल ते कार्लाइल मार्गाचं एवढं कौतुक कशाला?

कारण तो बांधायची कंपनीचीच इच्छा नव्हती, नंतर सरकारने बंद करायचा घाट घातला, आणि तरीही तो आहे.

मिडलँड रेल्वेला स्कॉटलंडला जायला स्वतःची वाट हवी होती, म्हणून तिने उत्तर इंग्लंडमधल्या पेनाइन डोंगरांतून मार्ग काढायची परवानगी घेतली. मग प्रतिस्पर्ध्याशी जमतंय असं दिसताच बेत सोडून द्यायचा अर्ज केला. संसदेने तो १८६९ मध्ये फेटाळला: परवानगी घेतलीत ना, आता बांधा. हजारो मजुरांनी साताठ वर्षं दलदलीत आणि बर्फात काम केलं. मालगाड्या १८७५ मध्ये, प्रवासी १८७६ मध्ये सुरू झाले. एकशे सतरा किलोमीटरच्या आसपास लांबी, चौदा बोगदे, वीसवर मोठे पूल.

त्यातला रिबलहेडचा पूल २४ कमानींचा, चारशे मीटर लांब, बत्तीस मीटर उंच. लोक गाडीतून जातात आणि विचारतात, पूल कुठाय? पुलावरून पूल दिसत नाही, राव. रिबलहेड स्टेशनावर उतरा आणि पंधरा-वीस मिनिटं चालत कमानींखाली जा. आज तिथे नुसतं गवत आणि वारा आहे, पण बांधकामाच्या वेळी इथे मजुरांच्या झोपड्यांचं गाव होतं, शाळा-दुकानांसकट. देवीची साथ आली, अपघात तर रोजचेच. शेजारच्या चॅपल-ल-डेलच्या चर्चला दफनभूमी वाढवावी लागली. मला तिथे दर वेळी बोरघाट आठवतो. तोही त्याच सुमाराचा, १८६३ चा, आणि तिथे तर हजारोंनी माणसं दगावली. फरक इतकाच की इथल्या बऱ्याच मजुरांची नावं चर्चच्या वहीत तरी आहेत.

१९८० च्या दशकात दुरुस्ती परवडत नाही म्हणून मार्ग बंद करायचं ठरत होतं. बावीस हजारांवर हरकती आल्या. त्यातली एक रस्वार्प नावाच्या कुत्र्याची, पंजाच्या ठशासह. तोही प्रवासी होता, त्याचं तिकीट निघत असे, म्हणून हरकत ग्राह्य धरली गेली. १९८९ मध्ये सरकारने बेत सोडला. रस्वार्पचा पुतळा गार्सडेल स्टेशनाच्या फलाटावर आहे.

कसं करायचं: लीड्सहून सकाळची गाडी, रिबलहेड सव्वा तास. पूल बघून पुढची गाडी पकडून कार्लाइलला जा नाहीतर सेटलला परत या. गाड्यांत तास-दोन तासांचं अंतर असतं, म्हणून परतीची वेळ आधी लिहून घ्या. वाटेतलं डेंट हे इंग्लंडच्या मुख्य मार्गावरचं सर्वांत उंच स्टेशन, ३५० मीटरवर. डेंट गाव बघायचं म्हणून तिथे उतरू नका. गाव स्टेशनपासून सहा-सात किलोमीटर दूर आणि खाली दरीत आहे. लंडनहून हे एका दिवसात जमतं, पण हाल होतात, एक रात्र लीड्सला काढा.

सिनेमात दिसणारा स्कॉटलंडचा तो वळणदार पूल एका दिवसात होईल का?

ग्लेनफिनन. ग्लासगोहून नाही. मार्गाच्या टोकाला असलेल्या मॅलेगपर्यंत एका बाजूने पाच तासांहून जास्त लागतात. फोर्ट विल्यमला मुक्काम केलात तर आरामात. तिथून वाफेच्या इंजिनाची 'जॅकोबाइट' गाडी उन्हाळ्यात धावते, पण तिची तिकिटं लवकर संपतात आणि महाग आहेत. त्याच रुळांवरून, त्याच २१ कमानींवरून स्कॉटरेलची साधी गाडी साध्या तिकिटात जाते. धूर हवा असेल तर गाडीत बसू नका, खाली टेकडीवर उभे राहा. धूर तिथूनच दिसतो.

एडिंबरात असाल आणि पूलच बघायचा असेल तर मी उलट फोर्थ ब्रिज सांगेन. वीसएक मिनिटांत नॉर्थ क्वीन्सफेरी, अडीच किलोमीटरचा लालसर पोलादी पूल, १८९० चा. पलीकडे उतरून खालच्या गावातून वर बघा. मान दुखेल.

वाफेची गाडी मुलांना दाखवायची आहे. कुठे?

१९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांच्या अहवालाने दोन हजारांवर स्टेशनं आणि हजारो मैल रूळ बंद करायची शिफारस केली. त्यातले काही मार्ग हौशी लोकांनी उचलले आणि रंगकाम, इंजिन, तिकीट-खिडकी सगळं स्वयंसेवकांनी चालवलं. हा उद्योग बीचिंगच्याही आधीचा: वेल्समधली टॅलिलिन १९५१ पासून अशी चालते. लंडनहून सोपी म्हणजे ब्लूबेल रेल्वे. साध्या गाडीने ईस्ट ग्रिनस्टेडला जा, तिथेच बदला.

माझी लाडकी मात्र फेस्टिनिओग, उत्तर वेल्समध्ये. रूळ जेमतेम दोन फूट रुंदीचे, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीएवढेच. पण माथेरानची गाडी १९०७ ची, ही १८३६ ची. खाणीतल्या पाटीच्या दगडाने भरलेल्या वाघिणी, म्हणजे मालडबे, उतारावरून आपोआप बंदरापर्यंत यायच्या आणि रिकाम्या वर ओढायला घोडे. मग घोडे खाली कसे यायचे? गाडीच्या शेवटी त्यांच्यासाठी खास डबा होता, त्यात उभं राहून, चारा खात. लँडिड्नो जंक्शनहून कॉन्वी खोऱ्यातल्या साध्या गाडीने ब्लायनाय फेस्टिनिओग, तिथून ही छोटी गाडी पोर्थमाडोगच्या समुद्रापर्यंत. दोन्ही टोकांना धुराडी असलेलं इंजिन लागलं तर मुलं वेडी होतात. बापही.

आपल्या बोरीबंदर–ठाणे गाडीशी नातं असलेलं काही बघता येईल?

हो. लिव्हरपूल–मँचेस्टरची साधी लोकल घ्या, न्यूटन-ल-विलोजवरून जाणारी. हा १५ सप्टेंबर १८३० चा मार्ग. त्या पहिल्याच दिवशी न्यूटनजवळ विल्यम हस्किसन हे खासदार 'रॉकेट' इंजिनाखाली सापडून गेले. पुढे चॅट मॉसची दलदल, तिच्यावर फांद्या आणि झुडपांच्या मोळ्या अंथरून रूळ अक्षरशः तरंगत ठेवले आहेत. आणि याच न्यूटन-ल-विलोजच्या व्हल्कन फाउंड्रीत १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली इंजिनं बनली. कारखान्याच्या जागी आता घरं आहेत, बघण्यासारखं काही नाही. तरी मी एकदा उतरलो होतोच.

बघण्यासारखं हवं तर यॉर्क. राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, प्रवेश फुकट, स्टेशनच्या मागेच. १९३८ मध्ये ताशी २०३ किलोमीटर गाठणारं 'मॅलार्ड' तिथे आहे, वाफेच्या इंजिनांतला तो विक्रम.

रविवारी जावं का?

शनिवारी जा. रविवारी रूळदुरुस्ती निघते आणि अर्ध्या वाटेत बसमध्ये बसवतात. आदल्या रात्री वेळापत्रक पुन्हा बघा. २५ डिसेंबरला गाड्याच नसतात, २६ ला जवळजवळ नसतात.

गाडी पकडताना काय चुकतं?

फलाट क्रमांक मोठ्या स्टेशनांवर शेवटच्या दहाएक मिनिटांत लागतो, मग सगळे एकदम पळतात. दारं सुटायच्या वेळेच्या आधीच बंद होतात, आणि धावती गाडी पकडायची दादरची विद्या इथे निरुपयोगी आहे.

काही गाड्या वाटेत दुभंगतात. पुढचे चार डबे एकीकडे, मागचे दुसरीकडे. एकदा मी मागच्या डब्यात निवांत चिवडा खात बसलो आणि बायको-मुलगी पुढच्या डब्यात खिडकी मिळाली म्हणून गेल्या होत्या. त्या समुद्राला पोचल्या, मी एका ओसाड जंक्शनाला. घोषणा झाली होती, मी ऐकली नव्हती. छोट्या स्टेशनांवर फलाट आखूड असल्याने काहीच दारं उघडतात, तेही ऐकावं लागतं. आणि खेड्यांकडच्या काही स्टेशनांवर गाडी मागितल्याशिवाय थांबत नाही: उतरायचं तर गार्डला सांगायचं, चढायचं तर फलाटावरून हात करायचा. एसटीला करतो तसाच.

उशीर झाला तर पैसे परत मिळतात?

मिळतात. कंपनीप्रमाणे १५ किंवा ३० मिनिटांच्या पुढे. तिकिटाचा फोटो काढून ठेवा, २८ दिवसांच्या आत ऑनलाइन अर्ज करा. लोक कंटाळा करतात, तेवढ्यात परतीची कॉफी निघते.

आईचे गुडघे दुखतात. झेपेल?

'पॅसेंजर असिस्ट' मागवा. फुकट आहे, दोन तास आधी सांगितलं तरी चालतं. माणूस येऊन रॅम्प लावतो, जागेवर बसवतो, उतरायच्या स्टेशनावर दुसरा उभा असतो. छोट्या स्टेशनांवर जिना की लिफ्ट ते मात्र आधी तपासा.

डबा न्यावा का?

न्यावाच. फलाटावर 'चाय गरम' नाही, छोट्या गाड्यांत तर ट्रॉलीही नसते. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. लोणच्याचा डबा बंद डब्यात उघडू नका, एवढं पथ्य पाळा. शेजारी काही म्हणत नाहीत. फक्त दोन स्टेशनांनंतर डबा रिकामा झालेला दिसतो.

पावसाचा अंदाज असेल तर बेत रद्द करावा का?

मग वर्षभर घरीच बसाल.